भिगवणला स्कुआ? (फोटो धूसर आहे, आधीच सांगतो)

सदाशिव३० | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

काल भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, जाऊन आलो. पहाटे साडेचारला पुणं सोडलं आणि ऊन चढायच्या आत कुंभारगावात नावेत बसलो. रोहित (फ्लेमिंगो) होते, पट्टकदंब हंस होते, चमचे होते. त्यांचे फोटो इथे दर आठवड्याला पडतात, त्यात माझी भर नको. मला विचारायचंय ते जेमतेम मिनिटभर चाललेल्या एका झटापटीबद्दल.

एक नदी सुरय (रिव्हर टर्न) चोचीत बोटभर लांबीचा चंदेरी मासा आडवा धरून आमच्या डाव्या हाताने चालला होता. मागून एक गडद तपकिरी पक्षी आला, सुरयापेक्षा बराच मोठा. सुरय वर गेला की हा वर, सुरयाने गिरकी घेतली की याची गिरकी. सुरयाचं किंचाळणं नावेत ऐकू येत होतं. चौथ्या का पाचव्या वळणाला मासा सुटला आणि पाण्याला लागायच्या आत त्या पठ्ठ्याने तो हवेतच झेलला! वळताना पंखाच्या खालच्या बाजूला, टोकाकडच्या पिसांच्या बुडाशी, पांढरा चट्टा स्वच्छ दिसला.

आता मी स्कुआ (दुसऱ्या पक्ष्यांचा मासा हिसकावणारा समुद्री पक्षी) का म्हणतोय ते सांगतो. मुलगा स्कॉटलंडमध्ये असतो. गेल्या जूनमध्ये त्याने आम्हाला शेटलंड बेटांवर नेलं. अ‍ॅबर्डीनहून रात्रभर बोटीचा प्रवास, पोटात काही टिकलं नाही, तो भाग सोडा. पण तिथे आर्क्टिक स्कुआ सुरयांच्या मागे लागताना मी तासन्‌तास पाहिलाय. त्याचा थोरला भाऊ, ग्रेट स्कुआ, ज्याला तिथले लोक ‘बाँक्सी’ म्हणतात, तो तर माणसाच्या डोक्यावर सूर मारतो. घरटं जवळ असलं की तुमची धडगत नाही. तिथे काठी डोक्यावर उभी धरून चालतात, कारण पक्षी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. मी लक्ष्मी रोडवरून घेतलेली छत्री धरली होती. छत्री वाचली, मीही वाचलो.

तर, अगदी तोच पाठलाग, तोच झेल आणि पंखाखालचा तोच पांढरा चट्टा. उजनीवर स्कुआ येऊ शकतो का? सोबत एक फोटो टाकतोय. आमच्या मंडळींनी नेमका तेव्हाच चहाचा थर्मास पुढे केल्यामुळे हात हलला आहे.

ता. क. घार असेल असं कृपया कुणी लिहू नये. घार मी ओळखतो, आमच्या गच्चीच्या टाकीवर रोज बसते.

---

मस्तानी | रविवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवते. पहिला प्रश्न: निमंत्रण नसताना दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारा पक्षी पुण्यात स्थलांतर करून येतो, यात आश्चर्य ते काय? इथे मंगल कार्यालयं भरपूर आहेत.

---

कुरव | रविवार, रात्री १०:३०

सदाशिवकाका (काका आहात असं धरून चालतो, नसाल तर माफी), वर्णन छान केलंय. फोटोत मात्र मला पाणी आणि एक तपकिरी स्वल्पविराम दिसतोय. आधी तीन प्रश्न:

शेपटीचा आकार कसा होता? पंखांची टोकं ससाण्यासारखी निमुळती होती की बोटं पसरल्यासारखी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मासा झेलला तो चोचीने की पायाने?

शेवटच्या उत्तरावर सगळं आहे. स्कुआचे पाय बदकासारखे पडद्याचे असतात. नख्या आहेत, पण शिकारी पक्ष्यासारखी पकड नाही. तो जे काही घेतो ते चोचीने, आकड्यासारख्या वळलेल्या टोकाच्या चोचीने.

ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. काकांनी शेटलंडला पाहिला तो आर्क्टिक स्कुआ. अमेरिकन मंडळी त्यालाच पॅरासायटिक येगर म्हणतात. पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या आत-बाहेर, अंग आपल्या कावळ्यापेक्षा थोडं भारी. त्याचे आणखी दोन सख्खे आहेत. पोमरिन अंगाने दणकट. लाँग-टेल्ड सगळ्यात लहान, पण शेपटीची मधली दोन पिसं लांबच लांब. तिघंही उत्तर ध्रुवाभोवतीच्या टुंड्रात अंडी घालतात, बहुधा दोन. उरलेलं वर्ष समुद्रावर काढतात. आर्क्टिक स्कुआ त्या काळात पार दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांपर्यंत उतरतो. पोमरिन हिवाळ्यात अरबी समुद्रात असतो, म्हणजे आपल्या कोकणासमोर. तेव्हा ‘महाराष्ट्रात स्कुआ’ यात नवल नाही. ‘भिगवणला स्कुआ’ यात आहे.

रंगावर भिस्त ठेवू नका. एकाच जातीत पोटाला पांढरे, सगळे काळपट आणि मधले असे तीन प्रकार असतात. शेटलंडकडे गडद जास्त, तिथून आणखी उत्तरेला फिकट जास्त. वयात न आलेल्या पक्ष्यांचं तर बोलूच नका, भलेभले त्यात फसतात.

---

बेडूकउडी | रविवार, रात्री १०:४१

पॅरासायटिक म्हणजे परजीवी ना? म्हणजे कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो का? आम्हाला दुसऱ्या वर्षाला आहे हे, पण मिक्स होतंय.

---

निरुक्त | रविवार, रात्री ११:१५

@बेडूकउडी, नाही. कोकीळ पोरं सांभाळायला दुसऱ्याकडे देते, हा फक्त जेवण हिसकावतो. पोरं स्वतः वाढवतो, आणि काकांच्या छत्रीवरून दिसतंच आहे किती जीव तोडून.

मुळात ग्रीकमधल्या ‘पॅरासिटोस’चा अर्थ जंतू वगैरे नव्हताच. दुसऱ्याच्या पानावर बसून जेवणारा माणूस, इतकंच. आपल्याकडचा आगंतुक किंवा आयतोबा. जीवशास्त्राने तो शब्द पुढे उचलला. लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला ‘पॅरासिटिकस’ हे नाव दिलं ते बहुधा त्याच जुन्या अर्थाने.

पण खरी गंमत त्याच्या वंशाच्या (जीनस) नावात आहे. ‘स्टेरकोरॅरियस’. लॅटिनमध्ये ‘स्टेरकस’ म्हणजे शेण, विष्ठा. स्कुआ मागे लागला की कुरव (सीगल) किंवा सुरय घाबरून काहीतरी टाकतो आणि स्कुआ ते गिळतो, हे जुन्या दर्यावर्दींना दिसायचं. टाकलेलं काय आहे ते लांबून कळायचं नाही. त्यांनी ठरवलं, हा पक्षी दुसऱ्याची शी खातो! शास्त्रज्ञांनी तेच नाव कायम केलं. ऑर्कनी-शेटलंडकडचं ‘स्कूटी अ‍ॅलन’ हे नावही त्याच समजुतीतून आलंय, ‘स्कूट’ म्हणजे तिकडे विष्ठाच. खरं तर तो टाकलेला मासा असतो. तीनशे वर्षं बिचारा भलत्याच आरोपाखाली नाव मिरवतोय.

‘येगर’ जर्मनमधून आलंय, म्हणजे शिकारी. ‘स्कुआ’ आलं फेरो बेटांवरच्या भाषेतून. मराठी नाव काय म्हणावं यावर मात्र इथे मतदान व्हावं.

---

मस्तानी | रविवार, रात्री ११:२०

चौथाई! नाव ठरलं. सुरयाने मासा धरायचा, याने येऊन चौथाई वसूल करायची.

---

खडूस | रविवार, रात्री ११:३१

चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, आणि तो दिला की मराठे त्या मुलखाला त्रास देत नसत. हा पक्षी सगळा मासा नेतो आणि उद्या परत येतो. तुलना चुकीची आहे. इतिहासाची चेष्टा नको.

---

मस्तानी | रविवार, रात्री ११:३३

बरं, मग सरखेल. समुद्रावरचा आहे, दस्तक (परवाना) नसेल तर माल जप्त.

---

खडूस | रविवार, रात्री ११:३८

कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणायचे, तुम्ही पक्षी म्हणा. चालू द्या.

---

दर्यावरचो | सोमवार, सकाळी ६:१०

नावाच्या भांडणात मी पडत नाही, पण पक्षी पाहिलाय म्हणून लिहितो. मी सध्या पुण्यात (वाकड, इलाज नाही), मूळ मालवणचा. मामाचा ट्रॉलर आहे. कॉलेजात असताना डिसेंबरच्या सुट्टीत मी त्यावर जायचो. काम शून्य, उलट्या भरपूर.

जाळं वर ओढायला घेतलं की मागे पक्ष्यांची झुंबड उडते. खलाशी नको ती मासळी पाण्यात फेकतात, त्यावर कुरव आणि सुरय तुटून पडतात. आणि या गर्दीपासून थोडा लांब, पाण्याला चिकटून, एक काळपट पक्षी येरझाऱ्या घालत असतो. फेकलेल्या मासळीकडे तो बघतही नाही. तो बघतो कुणाला काय मिळालं ते. आमचा तांडेल म्हणायचा, “इलो बघ काळो. हो काय धरूचो नाय, दुसऱ्यान धरलेला खातलो.”

एकदा हे नावेपासून वीस-पंचवीस फुटांवर झालं. एका कुरवाने तारली गिळलेली होती, चोचीत काहीच नव्हतं. तरी काळा मागे लागला. त्याला कसं कळतं ते देवाला ठाऊक. बहुतेक गळा फुगलेला दिसत असेल, नाहीतर जड झालेलं उडणं. कुरव दोनदा पाण्यात बसायला गेला, याने बसू दिलं नाही. शेवटी कुरवाने मान पुढे ताणली, चोच वासली आणि आख्खी तारली बाहेर आली. डोक्याकडची बाजू पांढरी पडलेली, शेपटी अजून चकचकीत. काळ्याने ती पाण्याच्या वर हातभर असताना उचलली. कुरव मग एकदम हलका होऊन सरळ परत आमच्या बोटीमागे आला, जसं काही झालंच नाही. खलाशी हसून लोळत होते.

तेव्हा नाव माहीत नव्हतं. पुढे पुस्तकात बघून कळलं, पोमरिन. छातीने भरलेला, उडणं जड आणि दमदार. त्याची मधली शेपटी चमच्यासारखी पिळलेली असते असं वाचलं होतं, पण आमच्याकडे हिवाळ्यात दिसणाऱ्यांना तो चमचा बहुतेक वेळा नसतोच.

काकांनी सांगितलेला पाठलाग मला ओळखीचा वाटला. पण एक गोष्ट खटकते. स्कुआचा पाठलाग बघताना सुरयाची दया यावी इतका तो वेगवान असतो. तुम्ही “चौथ्या का पाचव्या वळणाला” असं मोजू शकलात, म्हणजे कारभार जरा संथ होता का?

---

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९:०५

ऑफिसात आहे, तरी राहवत नाही.

दोन शक्यता आहेत. एक, उत्तर ध्रुवाकडचा समुद्री पक्षी किनाऱ्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आत येऊन उजनीवर दिसला. दोन, उजनीवर रोज शेकड्याने असलेल्या पक्ष्यांपैकी एकाने चोरी केली. पुरावा सारखाच असेल तर मी दुसरीवर पैसे लावीन. काकांच्या नजरेवर शंका नाही, शंका फक्त गणितावर आहे.

तिथे चोर कमी आहेत का? तपकिरी डोक्याचे कुरव एकमेकांच्या तोंडचं ओढतात. मोठे पल्लासचे कुरव आहेत, त्यांची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं चांगली मळकट तपकिरी दिसतात. दलदली भोवत्या (मार्श हॅरियर, शिकारी पक्षी) आहे. आणि घारी (सॉरी काका).

दुसरं, चोरी परवडते कधी याचाही हिशेब बघा. हिसकावण्यासारखा घास मोठा हवा, तो लांबून दिसायला हवा, घेऊन जाणारे पुष्कळ हवेत आणि ते रोज त्याच वाटेने जायला हवेत. शेटलंडला हे सगळं जुळतं. तिथे सुरय, पफिन, किटिवेक असे समुद्री पक्षी वाळूतले बारीक मासे घेऊन समुद्रावरून घरट्यांकडे जातात, पिल्लांना भरवायला; सुरय आणि पफिन चोचीत धरून, किटिवेक गिळून. स्कुआ वाटेत नाक्यावर उभा. पण हेच गणित उलटतंही. तिकडे ते वाळूतले मासे कमी झाले तसे सुरय-किटिवेक उपाशी राहिले आणि त्यांच्यावर जगणारा आर्क्टिक स्कुआही ब्रिटनमध्ये झपाट्याने घटला, आज तो तिथे धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. दुसऱ्याच्या कमाईवर जगायचं तर दुसऱ्याची कमाई चालू राहायला लागते.

---

बेडूकउडी | सोमवार, सकाळी ९:२०

वाखु (वाचनखूण) साठवली. म्हणजे तो स्वतः शिकार करतच नाही?

---

कुरव | सोमवार, दुपारी १:४०

करतो की. टुंड्रात असताना पोमरिन जवळपास पूर्ण लेमिंगवर अवलंबून असतो. लेमिंग म्हणजे तिकडचा उंदरासारखा गुबगुबीत प्राणी. त्यांची संख्या तीन-चार वर्षांच्या चक्राने चढते-उतरते. लेमिंग नसलेल्या वर्षी पोमरिन अंडीच घालत नाही, समुद्रावर निघून जातो. लाँग-टेल्डचंही बरंचसं असंच. आर्क्टिक स्कुआ आतल्या टुंड्रात लहान पक्षी, अंडी, पिल्लं, किडे, अगदी फळंही खातो. किनाऱ्याला सुरयांची वस्ती असेल तिथे मात्र पूर्णवेळ लुटारू. ‘चोर’ हा त्याचा एक व्यवसाय आहे, एकुलता एक नाही.

@आकडेमोड, तुमचं गणित बरोबर आहे, पण काकांची बाजू थोडी घेतो. स्कुआ जमिनीवरून अजिबात जात नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या गोड्या सरोवरांवर शरद ऋतूत ते नेमाने दिसतात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वादळवाऱ्याने भरकटलेले समुद्री पक्षी किनाऱ्यालगतच्या शहरांत थकून पडलेले सापडतात, मुंबईत तर बऱ्याचदा. तेव्हा ‘अशक्य’ म्हणणार नाही. पण आत्ता फेब्रुवारी आहे, वादळ नाही, वारा नाही.

आणखी एक. काकांनी हे नेमकं आत्ताच पाहिलं याला कारण आहे. एरवी सुरय मासा धरला की तिथल्या तिथे गिळतो, हिसकावणार काय? पण आता त्यांचा विणीचा हंगाम तोंडावर आलाय. पाणी उतरलं की उजनीत मातीची बेटं उघडी पडतात, त्यावर नदी सुरय अंडी घालतात. त्याआधी नर मासा आणून मादीला भेट देतो. मासा चोचीत आडवा धरून, सगळ्यांना दिसेल असा, तिच्यापुढे मिरवत. म्हणजे वर्षातले हेच दिवस, जेव्हा माशाची अशी उघड्यावर वाहतूक चालते.

---

मस्तानी | सोमवार, दुपारी १:५५

म्हणजे तो मासा तिच्यासाठी होता?? आता मला वाईट वाटायला लागलं. तिकडे ती वाट बघत बसली असेल.

---

टेकडीवाला | सोमवार, दुपारी २:३०

अवांतर: चोर बघायला भिगवणला कशाला जायला हवं? कोतवाल पक्षी बघा. आफ्रिकेतल्या कलहारीच्या वाळवंटात एक कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या आणि मीरकॅटच्या (मुंगसासारखा प्राणी) धोक्याच्या आरोळीची नक्कल करतो. ते अळी-किडा टाकून पळाले की हा उचलतो. सारखी एकच आरोळी दिली तर लोक विश्वास ठेवेनासे होतात, म्हणून आवाज बदलत राहतो! यावर तिथे बरीच वर्षं अभ्यास झालाय.

आणि माझ्या हातातला अर्धा वडापाव कॉलेजच्या कट्ट्यावरून घारीने नेलाय. मित्रांना वाटलं मीच खाल्ला. नख लागलेलं बोट दाखवावं लागलं.

---

खडूस | सोमवार, दुपारी २:३३

धागा भरकटतोय. धागाकर्ते कुठे आहेत?

---

सदाशिव३० | सोमवार, सायंकाळी ७:१५

आहे, आहे. दिवसभर बँकेत केवायसी चालू होतं.

@कुरव, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. शेपूट: वळताना पंख्यासारखी पसरलेली दिसली, कडा सरळ. घारीसारखी दुभंगलेली नव्हती, हे छातीवर हात ठेवून सांगतो. पंखांची टोकं: लांबट. निमुळती की बोटांसारखी, हे लक्षात नाही. झेल: खरं सांगायचं तर नजर माशावर होती. मासा होता, मग नव्हता.

@दर्यावरचो, तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. वेगाबद्दल म्हणाल तर मला तरी तो वेगवान वाटला. पण माझं वय ६८ आहे, हल्ली मला पीएमपीएमएलची बसही वेगवान वाटते.

ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) मी त्याच दिवशी ‘स्कुआ’ म्हणून नोंद टाकली होती. लगेच लाल अक्षरांत ‘दुर्मीळ, तपशील द्या’ असं आलं. तपशील दिले आहेत. अजून एक फोटो सापडला, त्याच क्षणानंतरचा, पक्षी लांब गेलेला. टाकतो.

---

कुरव | सोमवार, रात्री ८:०५

काका, हा दुसरा फोटो आधी का नाही टाकलात!

मोठा करून बघा. पक्षी लांब आहे, पण पंखांची टोकं बघा, सुटी सुटी पाच-सहा बोटं. स्कुआचा पंख असा कधीच दिसत नाही, तो एका निमुळत्या टोकात संपतो. आणि पोटाखाली काहीतरी लोंबतंय ते मासा असावा. म्हणजे मासा पायात आहे.

शेपटीचं कोडं सोपं आहे. घारीची शेपूट दुभंगलेली असते ती मिटलेली असताना. तिने वळायला शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि कडा सरळ दिसते. गच्चीच्या टाकीवर बसलेल्या घारीची शेपूट मिटलेलीच असणार, म्हणून तुमचा गोंधळ झाला.

पण तुमचा पांढरा चट्टा मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त मजा आली. आपल्या शहरातल्या नेहमीच्या घारीला तो एवढा ठळक नसतो. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडून घारी येतात, काळ्या कानाच्या. अंगाने जरा मोठ्या, डोळ्यामागे गडद डाग, आणि पंखाखाली टोकाच्या पिसांच्या बुडाशी चांगला मोठा पांढरा चट्टा. स्कुआलाही पांढरं असतं ते जवळपास त्याच जागी. म्हणून शेटलंडची आठवण जागी झाली.

या घारी कुठून येतात ते ऐका. दिल्लीत काही घारींना उपग्रहाचे टॅग लावले होते. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर हिमालय ओलांडून मध्य आशियात गेल्या: कझाकस्तान, रशिया, मंगोलिया. आपल्याकडे टॅग लावलेली नाही, त्यामुळे तुमच्या घारीचं गाव सांगता येणार नाही, पण बिऱ्हाड तिकडचंच असणार. तेव्हा उत्तरेकडचा, स्थलांतरित, दुसऱ्याचा घास पळवणारा पक्षी, इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर होतं.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ८:१२

+१. पैसे कुणाकडे मागू?

---

सदाशिव३० | सोमवार, रात्री ८:४०

पायात लोंबतंय ते मासाच कशावरून? स्कुआचे पाय असू शकतात.

---

दर्यावरचो | सोमवार, रात्री ८:४४

काका, स्कुआ उडताना पाय शेपटीखाली घेतो. लोंबत नाहीत.

---

सौ_सदाशिव३० | सोमवार, रात्री ९:३०

नमस्कार. मी यांची पत्नी. खातं आत्ताच उघडलं, नातीने मदत केली.

दुर्बीण त्या वेळी माझ्याकडे होती, हे यांनी लिहिलेलं नाही. यांच्याकडे कॅमेरा होता. त्या पक्ष्याने मासा पायांनी धरला. मग उडता उडता मान खाली वाकवून पायातला मासा चोचीने तोडून खात गेला, अगदी आपण चालत चालत कणीस खातो तसा. मी तेव्हाच म्हटलं, “अहो, घार आहे.” नावाडी पण म्हणाला, “घारच हाय, रोज येती, त्या बेटापाशी बसती.” यांनी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं, कारण व्हिडिओत आवाज येतो.

थर्मास मी पुढे केला तो यांनी मागितला म्हणून. फोटो त्याच्या आधीच हलला होता.

---

मस्तानी | सोमवार, रात्री ९:३१

काकू!!! 🙏🙏🙏

---

खडूस | सोमवार, रात्री ९:३५

हा धाग्यातला पहिला पुराव्यानिशी प्रतिसाद.

---

कुरव | सोमवार, रात्री ९:५०

काकू, मान वाकवून पायातलं खाणं ही घारीची अगदी पक्की खूण. एवढं एक वाक्य काल रात्री आलं असतं तर दर्यावरच्याची तारली आम्हाला ऐकायला मिळाली नसती, तेव्हा उशीर झाला ते बरंच झालं. एकच विचारतो, डोळ्यामागचा डाग दिसला का?

---

सौ_सदाशिव३० | सोमवार, रात्री १०:०२

गालावर काजळ फिसकटल्यासारखं गडद होतं. त्याला डाग म्हणत असतील तर हो. आणि तो सुरय नंतर परत आला होता, दुसरा मासा घेऊन. चिखलावर एक बसली होती तिच्याभोवती मान वर करून फिरला आणि तिने तो घेतला. हे तेव्हा लेन्स पुसत होते.

---

मस्तानी | सोमवार, रात्री १०:०४

दिला शेवटी! आता झोप लागेल.

---

सदाशिव३० | मंगळवार, सकाळी ६:५०

ईबर्डची नोंद बदलली आहे. ‘स्कुआ’ काढून ‘घार’ केलं, तपशिलात ‘काळ्या कानाची असावी’ लिहिलं. निरीक्षक म्हणून दोघांची नावं घातली आहेत, तिचं आधी.

@दर्यावरचो, डिसेंबरात मामांच्या ट्रॉलरवर एका ज्येष्ठ नागरिकाला जागा होईल का? उलट्यांची सवय आहे.

---

दर्यावरचो | मंगळवार, सकाळी ७:१५

मामांना विचारतो. काकूंना पण आणा. दुर्बीण त्यांच्याकडे द्या.